आधी सूर जुळू दे, मग बोल

श्रावणातली झड लागली होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी जळगावच्या आमच्या दुरुस्तीच्या दुकानात एक माणूस निथळत आत आला. काखेत पोत्यात गुंडाळलेला वायरलेस सेट. "समोरच्याचं ऐकू येतं, पण आपलं कुठंच पोचत नाही," तो म्हणाला. सेट तापीकाठच्या एका ठाण्यावरचा होता. नदीची पातळी किती, हे तासातासाला पुढे कळवायचे, एवढेच त्याचे काम. पण पाणी चढत असते तेव्हा त्या एका आकड्यावर काठची गावे जागी राहायची की झोपायची, हे ठरते.

खानदेशच्या वाचकाला तापी सांगायला नको. बऱ्हाणपूरकडून ती येते, भुसावळजवळ हतनूर धरणाच्या ४१ दारांतून सुटते, गिधाडे, सारंगखेडा करीत गुजरातेत उकाईला आणि मग सुरतेला जाते. वर पडलेल्या पावसाची खबर पाण्याच्या आधी खाली पोचली पाहिजे, एवढाच या सगळ्या यंत्रणेचा अर्थ. त्या काळी ती खबर वायरलेसवरून जाई.

मी तेव्हा विशीतला उमेदवार होतो. दुकानाचे मालक, ज्यांना आम्ही मास्तर म्हणत असू, सामान आणायला धुळ्याला गेले होते. रात्रीच्या एस.टी.ने येणार होते. मी सेट उघडून बसलो.

आता थोडे त्या डब्याच्या पोटात डोकावू या. जुन्या सेटमध्ये प्रत्येक चॅनेलसाठी क्वार्ट्झचे वेगळे क्रिस्टल बसवावे लागे. क्रिस्टल मोठे इमानी, ठरल्या गतीनेच थरथरणार. पण दहा चॅनेल हवे तर दहा क्रिस्टल आणा. फ्रिक्वेन्सी सिंथेसायझरने ही अडचण सोडवली. त्यात क्रिस्टल एकच असते, आणि दुसरा एक आंदोलक असतो, ज्याची गती विजेच्या दाबाने कमीजास्त करता येते. हा दुसरा गडी दमदार, पण स्वभावाने भटक्या. ऊन लागले की एकीकडे सरकणार, गारवा आला की दुसरीकडे.

त्याला ताळ्यावर ठेवतो तो मुकादम. हिशेब असा. समजा, १४५ मेगाहर्ट्झवर बोलायचे आहे. हौशी रेडिओवाल्यांच्या १४४ ते १४६ या पट्ट्यातला हा मधला आकडा, म्हणजे सेकंदाला साडेचौदा कोटी कंपने. क्रिस्टल १२.८ मेगाहर्ट्झचे. त्याला १०२४ ने भागले की सेकंदाला १२,५०० टिकटिक उरतात. इकडे भटक्या आंदोलकाच्या कंपनांना ११,६०० ने भागायचे. तो नेमका १४५ वर असेल तर उत्तर तेच येते, १२,५००. मुकादम दोन्ही टिकटिकी शेजारी ठेवून पाहतो. आंदोलकाची मागे पडली की दाब वाढवतो, पुढे धावली की कमी करतो. दोन्ही पावले जुळली की सेट 'लॉक' झाला. पुढचे चॅनेल हवे? भागाकार ११,६०१ चा करा. आंदोलक आपोआप १४५.०१२५ वर जाऊन उभा राहतो.

आपला आवाज याच आंदोलकाला किंचित हलवतो. मुकादमाने ते हलणेही चूक समजून पुसून टाकू नये, म्हणून त्याचा हात मुद्दाम संथ ठेवलेला असतो. तो हळू सरकणारी चूक सुधारतो, बोलण्याची भरभर थरथर मात्र जाऊ देतो. पुढे ही नाजूक लहर दोन-तीन पायऱ्यांनी वाढवून पंचवीसेक वॉटची करतात, तिच्यातली दुप्पट-तिप्पट गतीची भेसळ गाळतात आणि मग ती एरियलवर सोडतात.

आणि एक पहारेकरी असतो. पावले जुळली नसतील तर तो शेवटच्या पायरीला वीजच मिळू देत नाही. बटण कितीही दाबा, सेट मुका.

आमचा सेट नेमका तसाच मुका होता. ऐकण्याचा आंदोलक वेगळा होता, तो ठीक होता. बोलण्याचा काही केल्या जुळत नव्हता. दहा वाजले. बाहेर पाऊस, बाकावर तो माणूस, दर पाच मिनिटांनी घड्याळ पाहणारा. मला एक युक्ती सुचली. पहारेकऱ्याची तार तोडून तिथे एक तुकडा डकवला की झाले! तसे केले, एरियलच्या जागी चाचणीचा लोड लावला, बटण दाबले. मीटरचा काटा टणकन उठला. तो माणूस हसला. मीही.

तेवढ्यात मास्तर आले. छत्री मिटायच्या आत त्यांनी डकवलेला तुकडा पाहिला. "काढ भो तो," म्हणाले. फ्रिक्वेन्सी मोजायचे यंत्र जोडून दाखवले. आकडे डोळ्यांदेखत सरकत होते. "हा ओरडतोय, पण कुठं ओरडतोय? दुसऱ्याच्या चॅनेलवर गेला तर त्याचा निरोप मारेल. याचं तर कुणीच ऐकणार नाही. आणि हे भाऊ निरोप गेला समजून निवांत बसतील. मुका सेट बरा. निरोप गेला नाही, हे निदान कळतं. माणूस सायकल काढतो, पळत जातो."

मी तुकडा काढला. मास्तरांनी आंदोलकाचा दाब मोजला. तो पार वर जाऊन टेकला होता. मुकादम सगळा जोर लावीत होता आणि आंदोलक तरी मागेच. ट्रिमर म्हणून एक बारीक कपॅसिटर असतो, तो ओलीने गंजला होता. नवा घातला, काचेच्या भांड्यासारखा हलक्या हाताने फिरवला, दाब मध्यावर आणला. आकडे थांबले. ठरल्या जागी, एकदम.

सेट पोत्यात बांधताना मास्तर त्या माणसाला म्हणाले, "बटण दाबा, एक श्वास घ्या, मग बोला." पावले जुळायला सेटला क्षणाचाही लहानसा भाग पुरतो, पण घाबरलेला माणूस बटणाच्या आधीच तोंड उघडतो. 'एक्केचाळीस'मधले 'एक्के' गेले तर पलीकडे 'चाळीस' लिहिले जाते. पुराच्या आकड्यात असली चूक परवडत नाही.

पुढे ऑगस्ट २००६ मध्ये तापीने सुरत बुडवली, तेव्हा मला ती रात्र आठवली. आता नदीची पातळी मोजणारी स्वयंचलित यंत्रे उपग्रहामार्फत आकडे पाठवतात, आणि मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे. तरी त्या मोबाइलच्या पोटातही तोच एक क्रिस्टल, तोच भटक्या आंदोलक आणि तोच मुकादम बसलेला आहे.

चार दिवसांनी पाऊस उघडल्यावर तो माणूस पुन्हा आला. मास्तरांनी ट्रिमरचे तेवढे पैसे घेतले. जाताना तो माझ्याकडे वळून म्हणाला, "रात्री तीनची नोंद गेली. समोरच्यानं आकडा परत वाचून दाखवला. बरोबर होता."