शिळेवरचा पूर्वज

कल्याणहून कर्जतची लोकल धरली की तिसरं स्टेशन अंबरनाथ. तिथं वालधुनीकाठच्या शिवालयात उत्तर दाराच्या तुळईवर एक लेख कोरलेला आहे. शक 982, म्हणजे इ.स. 1060. त्यात मुम्मुणी या शिलाहार राजाचं नाव आहे. या घराण्याची राजधानी श्रीस्थानक, आपलं ठाणं.

शिलाहारांचा इतिहासाला ठाऊक असलेला पहिला राजा कपर्दी, नवव्या शतकाच्या आरंभीचा, राष्ट्रकूटांचा मांडलिक. पण त्यांचे ताम्रपट वंशावळ सांगू लागले की कपर्दीच्याही मागं जातात, थेट जीमूतवाहनापाशी.

जीमूतवाहन हा विद्याधरांचा राजपुत्र, जीमूतकेतूचा मुलगा. आईबापांच्या सेवेसाठी राज्य सोडून तो वनात गेला. तिथं समुद्रकाठी एक म्हातारी ऊर बडवत होती. गरुडाला रोज एक नाग द्यायचा असा नागांचा करार होता आणि त्या दिवशी तिच्या एकुलत्या एका मुलाची, शंखचूड नागाची पाळी होती. जीमूतवाहन त्याच्याऐवजी तांबडी वस्त्रं पांघरून वधशिळेवर जाऊन बसला. गरुड लचके तोडत राहिला आणि हा प्रसन्न! आपण कुणाला खातो आहोत हे कळल्यावर गरुड शरमला, त्यानं हिंसा सोडली. अमृतवृष्टी झाली आणि जीमूतवाहनाबरोबर पूर्वी मेलेले नागही उठले. सातव्या शतकात सम्राट हर्षानं यावरच ‘नागानंद’ लिहिलं. त्या नाटकाची नांदी बुद्धाला वंदन करते.

त्या शिळेवर आहार झाला म्हणून शिलाहार, अशी घराण्यानं आपल्या नावाची फोड केली. भाषेच्या अभ्यासकांना ती पटत नाही. नावाचं मूळ ते कानडीकडं शोधतात. मला मात्र त्या फोडीपेक्षा ध्वज अधिक बोलका वाटतो. शिलाहारांच्या ध्वजावर सोन्याचा गरुड होता. ज्यानं पूर्वजाचं मांस तोडलं, तोच निशाणावर! मी त्याचा अर्थ असा लावतो, की तो पश्चात्ताप झालेला गरुड आहे.

पूर्वजाच्या जोरावर जमिनीवर हक्क सांगणं ग्रीकांनाही ठाऊक होतं. त्यांच्या कथेतला अथेन्सचा पहिला राजा केक्रॉप्स कमरेखाली सर्प होता. तो त्या मातीतूनच उगवला म्हणून ती जमीन आपली, असा अथेन्सकरांचा दावा. शिलाहार मात्र बाहेरचे; ते स्वतःला तगरपुराचे, म्हणजे धाराशिवजवळच्या तेरचे, अधीश्वर म्हणवत आले. कोकणची माती आपली म्हणायला त्यांना पूर्वज सापडला तो सर्पासाठी जीव देणारा.

1787 साली ठाण्याच्या किल्ल्यात पाया खणताना शिलाहार राजा अरिकेसरीचा ताम्रपट निघाला, इ.स. 1017 चा. किल्ला म्हणजे आजचं मध्यवर्ती कारागृह. हे ताम्रपट बहुतेक दानपत्रं असतात: अमुक ब्राह्मणाला अमुक गाव, चतुःसीमेसकट. जमीन देणारा राजा आधी देह देणाऱ्याचं नाव घेतो. जिंकणाऱ्या पूर्वजाला त्या पत्र्यावर इतकी शोभा आली नसती.

1265 च्या सुमारास यादव राजा महादेवानं शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर याचा पराभव केला. सोमेश्वर समुद्रात बुडून मेला. राज्य गेलं, पण शेलार हे आडनाव शिलाहारांवरूनच आलं असं मानतात, आणि ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंत ते कुठल्या ना कुठल्या इमारतीच्या नामफलकावर आजही भेटतं.