वरच्या दाताची भूल : औषध किती, वेळ किती?

पेठेतल्या कोणत्याही दंतवैद्याकडे हे दृश्य अधूनमधून दिसते. वरची दाढ पंधरा दिवसांपासून ठणकत असते. पण लग्नसराईचे गिऱ्हाईक सोडवत नाही म्हणून दुकानदार लवंगेवर आणि वेदनाशामक गोळ्यांवर दिवस काढतो. अखेर खुर्चीवर बसण्याची वेळ येते. सुई पाहताच तो म्हणतो, ‘डॉक्टरसाहेब, औषध थोडे जास्तच घाला, काही कळता कामा नये.’ डॉक्टर मात्र मोजकेच औषध टोचतात आणि पाच मिनिटे स्वस्थ बसायला सांगतात. दुकानदाराच्या मनात येते, यांनी हात आखडता घेतला.

औषध दुप्पट केले तर बधिरताही दुप्पट होते का? प्रश्न साधा दिसतो. परंतु वेदनेच्या भीतीने उपचार लांबवणारी माणसे अखेरीस वाचवता आला असता असा दात गमावतात, आणि याउलट औषधाचे माप चुकले तर लहान मुलाच्या किंवा हृदयरोग्याच्या जिवावर बेतू शकते. म्हणून या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असलेले बरे.

वरचा जबडा वेगळा कसा?

खालच्या जबड्याचे हाड घट्ट व जाड असते. हिरडीपाशी टोचलेले औषध त्यातून सहजी आत मुरत नाही. म्हणून मोठ्या माणसाच्या खालच्या दाढांसाठी बहुधा जबड्याच्या मागच्या बाजूला, मुख्य मज्जातंतू हाडात शिरतो त्या ठिकाणी औषध द्यावे लागते. त्यामुळे अर्धा ओठ, अर्धी जीभ आणि त्या बाजूचे सारे दात एकाच वेळी बधिर होतात.

वरच्या जबड्याचे बाहेरील हाड मात्र पातळ आणि सच्छिद्र असते. गाल व हिरडी जिथे मिळतात त्या घडीत, दाताच्या मुळाच्या टोकाशी औषध टोचले की ते हाडातून झिरपत मुळाशी पोहोचते आणि त्या एका दाताची संवेदना थांबते. टाळूच्या बाजूचे मज्जातंतू निराळे असल्याने दात काढायचा असेल तर टाळूलाही थोडे औषध द्यावे लागते. टाळूची त्वचा हाडाला घट्ट चिकटलेली असल्याने हे टोचणे अधिक दुखते. दुखण्याचे कारण तेथील रचनेत आहे, एवढे समजले तरी रोग्याची धास्ती निम्मी होते.

बाटलीतले औषध

१८८४ मध्ये व्हिएन्नातील कार्ल कोलर यांनी डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी कोकेनने जागेपुरती बधिरता आणता येते हे दाखवून दिले. कोकेन व्यसन लावणारे असल्यामुळे सुरक्षित पर्यायाचा शोध चालू राहिला. १९४३ मध्ये स्वीडनच्या निल्स लोफग्रेन यांनी लिग्नोकेन तयार केले. त्यांचे सहकारी बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी त्याचे प्रयोग स्वतःच्या शरीरावर केले. आज आपल्याकडील दंतचिकित्सेत मुख्यतः हेच औषध वापरले जाते.

नेहमीचे द्रावण दोन टक्क्यांचे असते, म्हणजे एका मिलिलीटरमध्ये २० मिलिग्रॅम लिग्नोकेन. त्यात बहुधा ८० हजार भागांस एक भाग या प्रमाणात अॅड्रिनॅलिन मिसळलेले असते. अॅड्रिनॅलिन तेथील रक्तवाहिन्या आकुंचित करते. त्यामुळे औषध रक्तात लवकर वाहून न जाता जागेवर टिकते. त्याच्याशिवाय दिलेल्या दोन टक्के लिग्नोकेनने दाताच्या आतील बधिरता जेमतेम पाच-दहा मिनिटे टिकते. ते मिसळल्यावर हीच मुदत साधारण तासाभरापर्यंत जाते. ओठ व गाल तर तीन ते पाच तास जड राहतात. ओठ बधिर झाला म्हणजे दातही झालाच, असे मात्र समजू नये. या दोहोंचे वेळापत्रक वेगळे असते.

माप वाढवल्याने काय साधते?

वरच्या एका दातासाठी पाठ्यपुस्तकांत साधारण ०.६ मिलिलीटर औषध सावकाश टोचून तीन ते पाच मिनिटे थांबावे असे सांगितलेले असते. या मापाची प्रत्यक्ष पारख करणारा एक अभ्यास ब्राझीलमधील संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात वरच्या सुळ्यासाठी ०.६, ०.९ आणि १.२ मिलिलीटर अशी तीन मापे वापरण्यात आली आणि दातावर सौम्य विद्युत संवेदना देऊन बधिरता तपासण्यात आली. १.२ मिलिलीटरने बधिरता लवकर आली, अधिक जणांत यशस्वी झाली आणि जास्त वेळ टिकली. म्हणजे दुकानदाराच्या म्हणण्यात काही तथ्य आहे.

पण हिशेब येथेच संपत नाही. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात १.८ आणि ३.६ मिलिलीटरची तुलना झाली. दुप्पट औषधाने बधिरतेचा काळ लांबला, हे खरे. तरीही पूर्ण तासभर खात्रीची बधिरता दोन्ही मापांनी मिळाली नाही. वाणिज्य शाखेत शिकलेल्यांना घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम येथे आठवेल : पहिल्या वाढीव थेंबांचा लाभ मोठा, पुढच्या थेंबांचा कमी कमी होत जाणारा. काम लांबले तर मधूनच पुन्हा थोडे औषध देणे म्हणूनच शहाणपणाचे ठरते.

काही वेळा तर औषध वाढवूनही दात बधिर होत नाही. पू झालेल्या जागी आम्लता वाढलेली असते आणि अशा ठिकाणी लिग्नोकेनचा फारच थोडा अंश मज्जातंतूच्या आत शिरू शकतो. तेथेच आणखी औषध ओतण्यापेक्षा सुजेपासून दूर, मज्जातंतूच्या मार्गावर ते देणे उपयोगी पडते. वरच्या पहिल्या दाढेचीही एक अडचण असते. तिच्या बाहेरच्या बाजूस गालाच्या हाडाचा जाड आधार येतो आणि तिचे एक मूळ टाळूकडे दूर पसरलेले असते. तेथे मापापेक्षा जागेची निवड अधिक महत्त्वाची.

मर्यादा कोणासाठी किती?

अॅड्रिनॅलिनयुक्त लिग्नोकेनची निरोगी प्रौढासाठीची कमाल मर्यादा वजनाच्या दर किलोस ७ मिलिग्रॅम आणि एकूण ५०० मिलिग्रॅम अशी सांगितली जाते. अनेक दंतवैद्य याहूनही कमी, ४.४ मिलिग्रॅमची मर्यादा पाळतात. ६० किलोच्या माणसाला या कमी मर्यादेनेही २६४ मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे १३ मिलिलीटर द्रावण चालते. एका दातासाठी दीड-दोन मिलिलीटर पुरतात. तेव्हा प्रौढाला घाबरण्याचे कारण नाही.

१५ किलोच्या बालकाचा हिशेब मात्र निराळा आहे. ४.४ मिलिग्रॅमने त्याची मर्यादा ६६ मिलिग्रॅम, म्हणजे अवघी ३.३ मिलिलीटर होते. एकाच बैठकीत तीन-चार दात करून टाकण्याचा पालकांचा आग्रह येथे धोक्याचा ठरतो. औषध रक्तात प्रमाणाबाहेर गेल्यास कानात गुणगुण, तोंडात धातूसारखी चव, बोलण्यात गोंधळ आणि पुढे झटके अशी लक्षणे दिसतात. सुई रक्तवाहिनीत गेलेली नाही ना, हे पाहण्यासाठीच डॉक्टर टोचण्यापूर्वी पिचकारीचा दट्ट्या किंचित मागे ओढतात.

हृदयरोग्याच्या बाबतीत अॅड्रिनॅलिनची मर्यादा आधी येते. त्यांच्यासाठी एका बैठकीस ०.०४ मिलिग्रॅम हे माप रूढ आहे. नेहमीच्या द्रावणात ते ३.२ मिलिलीटरमध्येच पूर्ण होते. म्हणून ‘दातच तर दाखवायचा आहे’ असे म्हणून हृदयविकार, रक्तदाब, यकृताचा विकार किंवा चालू असलेल्या गोळ्या लपवू नयेत. घरातील ज्येष्ठांच्या औषधांची चिठ्ठी सोबत न्यावी, मुलाचे वजन आधी सांगावे.

घरच्यांनी ध्यानात ठेवावे असे

दंतवैद्याच्या खुर्चीवर सर्वांत जास्त वेळा घडणारी गोष्ट म्हणजे भोवळ. भीती आणि रिकामे पोट एकत्र आले की ती हमखास येते. म्हणून उपवासाच्या दिवशी, विशेषतः पर्युषण वा दशलक्षण पर्वात दीर्घ उपवास चालू असताना, टाळता येण्याजोगा उपचार ठेवू नये. दुखणे असह्य असेल तर उपवास असल्याचे डॉक्टरांना आधी सांगावे.

सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्यांनी वेळही विचारपूर्वक निवडावी. दुपारी चारला भूल घेतली तर सात-आठपर्यंत गाल बधिर राहतो. तशात घाईने जेवल्यास गाल वा ओठ चावला जातो, गरम पदार्थाने तोंड भाजले तरी कळत नाही. सकाळी न्याहारी करून गेल्यास दुपारनंतर संवेदना परत येते आणि सायंकाळचे भोजन व गोळ्या वेळेत घेता येतात. लहान मुले बधिर ओठ गंमत म्हणून चावत राहतात. त्यांच्याजवळ मोठ्या माणसाने बसावे.

आणि खुर्चीवर बसल्यावर ‘जास्त घाला’ असे सांगण्याऐवजी ‘दुखले तर हात वर करीन’ एवढे सांगावे. तेवढ्या खुणेवर डॉक्टर थांबतात, पुन्हा पारख करतात आणि गरज असल्यास योग्य जागी थोडे अधिक औषध देतात. टोचल्यानंतरची ती पाच मिनिटे घड्याळाकडे न पाहता बसून काढावीत. औषध हाडातून झिरपत मुळापर्यंत पोहोचायला तेवढा वेळ लागतोच.