गाडी बदलली, विम्याचे काय?

उसाची गाडी काट्यावरून उतरली की पावतीवरचे टन-किलो आपण दोनदा पाहतो. बिलातून तोडणी-वाहतुकीचे किती गेले, सोसायटीचे किती वळते झाले, हे पारावर बसून पैशापर्यंत मोजतो. मोटारीच्या विम्याचे मात्र तसे नाही. एजंटाने बोट ठेवले तिथे सही, आणि कागद गाडीच्या कप्प्यात. आम्हीही त्यातलेच, हे आधीच कबूल करून टाकतो.

आपल्या सभासदांपैकी काहींची मुले नोकरीनिमित्त रायगडच्या किनाऱ्याला आहेत. कोणी थळच्या खत कारखान्यात, कोणी उरणच्या बंदरात. आमचेही एक घर त्या कारणाने अलिबाग तालुक्यात झाले आहे. तिथली खारी हवा माणसाला मानवते, पत्र्याला मानवत नाही. आमच्या जुन्या गाडीचा तळ दहा वर्षांत असा खाल्ला गेला की मेकॅनिक म्हणाला, "काका, वरून कितीही रंग द्या, खालून ही चाळण झालीय." गंजाला विमा नाही, झीज आणि गंज कुठल्याच मोटार पॉलिसीत धरत नाहीत. तेव्हा ती रेवदंड्याच्या एका ओळखीच्या वाडीवाल्यांना विकली आणि पेणच्या एका गृहस्थांची पाच वर्षे वापरलेली, जरा मोठी गाडी घेतली. तिचा स्वतःचा विमा त्या महिनाअखेर संपणार होता. आमच्या जुन्या गाडीच्या पॉलिसीचे मात्र अजून २१९ दिवस शिल्लक होते. म्हटलं, हीच पॉलिसी नव्या गाडीवर चढवू.

असे करता येते का? येते. २००२ सालच्या मोटार दरपत्रकात तसा स्पष्ट नियम होता: चालू पॉलिसीतील गाडीच्या जागी त्याच वर्गातली दुसरी गाडी उरलेल्या मुदतीसाठी घालता येते आणि हप्त्यातला फरक उरलेल्या दिवसांच्या प्रमाणात द्यायचा. त्याच वर्गातली, हे महत्त्वाचे. ट्रॅक्टरची पॉलिसी मोटारीवर चढत नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे दर २००७ पासून मोकळे झाले आणि आता प्रत्येक कंपनीचा कागद वेगळा असू शकतो, म्हणून आपल्या पॉलिसीतली अट वाचावी लागते. आम्ही चष्मा लावून वाचली. नियम तोच होता.

कंपनीकडून आकडा आला रु. ९,४५४. तोंडात बोट घालायची वेळ. शाखेत गेलो, तर तिथला तरुण नम्रपणे म्हणाला, "साहेब, कॉम्प्युटरने काढलेला आकडा आहे, आम्ही काय करणार?" आम्ही म्हटलं, कॉम्प्युटरने काढला असेल तर त्याने कसा काढला तेही तो सांगू शकेल, तेवढे लिहून द्या. हे वाक्य सभासदांनी पाठ करून ठेवायला हरकत नाही. कागद मिळायला चार दिवस लागले, पण मिळाला. मग घरी ओटीवर बसून मांडणी केली.

विम्याचे दोन भाग असतात. एक, दुसऱ्याला इजा झाली तर द्यायच्या भरपाईचा, म्हणजे थर्ड पार्टीचा. तो कायद्याने सक्तीचा आणि त्याचे दर सरकार ठरवते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत १००० सीसीपर्यंतच्या खाजगी मोटारीला वर्षाला रु. २,०९४ आणि त्यापुढे १५०० सीसीपर्यंत रु. ३,४१६. आमची जुनी पहिल्या गटातली, नवी दुसऱ्या. फरक रु. १,३२२. दुसरा भाग आपल्याच गाडीच्या नुकसानीचा. त्यात जुन्या गाडीला सवलत वजा जाता रु. २,३१० पडत होते. नवीचे सवलतीआधी रु. ९,००० होत होते.

ही सवलत म्हणजे नो क्लेम बोनस, आणि घोटाळा तिथेच होता. चार वर्षे आम्ही एकही दावा केला नव्हता म्हणून ४५ टक्के सवलत मिळत होती. (पहिल्या वर्षानंतर २०, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के, अशी ती चढत जाते.) कंपनीने नव्या गाडीला ती धरलीच नव्हती. "सवलत जुन्या गाडीची होती," असे उत्तर. आता ही सवलत गाडीला नसते, माणसाला असते. गाडी विकली तरी विकणाऱ्याकडेच राहते. घेणाऱ्याला ती मिळत नाही. लगेच दुसरी गाडी घ्यायची नसेल तर कंपनीकडून तसे पत्र घेऊन ठेवावे, पॉलिसी संपल्यापासून तीन वर्षांच्या आत नवी गाडी घेतली तर ते चालते. हे पत्र मागणारा माणूस आम्ही आजवर पाहिलेला नाही.

सवलत धरून नव्या गाडीचे होतात रु. ४,९५०. फरक रु. २,६४०. त्यात थर्ड पार्टीचा रु. १,३२२ मिळवला की रु. ३,९६२, तोही पूर्ण वर्षाचा. उरले होते २१९ दिवस, म्हणजे ३६५ चे बरोबर साठ टक्के. तेव्हा रु. २,३७७ आणि त्यावर १८ टक्के कर धरून रु. २,८०५. कंपनीने वर्षभराचाच फरक लावला होता. एकूण रु. ६,६४९ जास्तीचे.

हे गणित कागदावर उतरवून, पॉलिसीतल्या अटीचा क्रमांक टाकून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवले. पोच घेतली. पोच नसेल तर तक्रार नाही, हे सहकारात वाढलेल्याला सांगायला नको. कंपनीने १४ दिवसांत निकाल लावायचा असतो. नाही लावला तर विमा नियामक प्राधिकरणाचे 'बीमा भरोसा' आहे, आणि त्यापुढे विमा लोकपाल. हप्त्याच्या रकमेचा वाद लोकपालांकडे चालतो, फी लागत नाही आणि वकील तर चालतच नाही. ग्राहक आयोगही अलिबागला आहे. आमच्यावर तिथवर जायची पाळी आली नाही.

पण या भांडणात कंपनीचे एक म्हणणे खरे निघाले, तेही सांगितले पाहिजे. "विकलेल्या गाडीचा वेगळा विमा झाल्याचा कागद आणा, मगच पॉलिसी नव्या गाडीवर टाकू," असे त्यांनी बजावले होते. आम्हाला तो अडवणुकीचा प्रकार वाटला. रेवदंड्याला फोन केला तर वाडीवाले म्हणतात, "काका, तुमचा कागद गाडीत आहे ना, मग झालं." झालं कुठलं! पॉलिसी नव्या गाडीवर गेली की जुनी उघडी पडणार. आणि आरटीओच्या पुस्तकात तिच्यावर नाव अजून आमचेच. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले आहे की गाडी विकली असली तरी नोंदीवर नाव ज्याचे, अपघाताची भरपाई देण्याची जबाबदारी त्याची. म्हणजे रेवदंड्याच्या बाजारात त्यांच्या हातून कोणाला धक्का लागला असता, तर नोटीस आमच्या दारी. साडेसहा हजारांसाठी तावातावाने भांडताना आपण लाखांच्या खड्ड्यावर उभे आहोत, हे ध्यानीमनी नव्हते.

नव्या गाडीचीही तीच गत. नऊ दिवस आम्ही ती वडखळच्या गर्दीतून बिनदिक्कत चालवली. विकणाऱ्याची पॉलिसी कायद्याने आपोआप आपल्याकडे येते खरी, मोटार वाहन कायद्याचे कलम १५७ तसे म्हणते आणि १४ दिवसांत कंपनीला कळवायला सांगते. पण ते थर्ड पार्टीपुरते. आपल्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण कंपनीने मान्य केल्याशिवाय येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने पूर्वीच ठरवले आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुडकडे नारळ-पोफळी गाड्यांवर कोसळल्या. नुसती थर्ड पार्टी असलेल्याला अशा वेळी एक छदामही मिळत नाही.

कोरी करकरीत गाडी घेणाऱ्यांचा मामला थोडा निराळा. सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांची थर्ड पार्टी एकदम घ्यावी लागते, तेव्हा जुनी एक वर्षाची पॉलिसी तिच्यावर तशीच चढत नाही. तिथे जुनी रद्द करावी आणि बोनस नव्या पॉलिसीत मागावा. वर्षाच्या आतली पॉलिसी असेल आणि दावा केलेला नसेल, तर २०२४ च्या आदेशाप्रमाणे उरलेल्या दिवसांचा हप्ता त्याच प्रमाणात परत मिळतो. पूर्वी तसे नव्हते. आठ महिने उलटल्यावर रद्द केली तर हाती काहीच येत नसे.

बाराव्या दिवशी कंपनीचे सुधारित पत्र आले, रु. २,८०५ चे. दिलगिरी वगैरे काही नव्हती, आम्हीही मागितली नाही. पैसे भरले, गाडीची तपासणी झाली, शेरा मारलेली पॉलिसी हातात आली. त्याआधी वाडीवाल्यांना बरोबर घेऊन त्यांचा विमा काढला आणि नाव बदलण्याचे फॉर्म भरून पेणच्या आरटीओत दिले. त्यांना हे सगळे पटले की आमच्या आग्रहाखातर केले, ते सांगता येत नाही. परवा रेवदंड्याला गेलो तेव्हा गाडी वाडीत माडाखाली उभी होती. जरा बाजूला लावत जा, एवढे सांगून आलो.