संकेतस्थळावरील माहिती : मसुदा ते प्रसिद्धी

माहिती वेळेवर मिळाली तरच ती उपयोगी पडते. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत टळून गेल्यावर हाती आलेली सूचना विद्यार्थ्याच्या काय कामाची? माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ अन्वये, कोणी मागण्याची वाट न पाहता माहिती स्वतःहून प्रसिद्ध करण्याचे कर्तव्य सार्वजनिक प्राधिकरणांवर सोपविण्यात आले आहे. त्यासाठीच्या साधनांत इंटरनेटचाही समावेश आहे.

पूर्वी संकेतस्थळावरील एखादी ओळ बदलावयाची तरी संगणकतज्ज्ञाची वाट पाहावी लागे. कारण मजकूर आणि पानाची रचना एकाच संगणकीय भाषेत गुंफलेली असे. आशय व्यवस्थापन प्रणालीने ही दोन्ही अंगे वेगळी केली. मजकूर एका कोशात साठविला जातो, रचनेचा साचा स्वतंत्र राहतो आणि वाचकाने पान उघडताच दोहोंची सांगड घातली जाते. २००१ मध्ये खुली झालेली ड्रुपल व २००३ मध्ये आलेली वर्डप्रेस या अशाच प्रणाली होत.

शिष्यवृत्तीची सूचना प्रसिद्ध करावयाची आहे, असे समजू. लिपिकाने आपल्या नावाने व संकेतशब्दाने प्रवेश करावा, 'नवीन नोंद' उघडून शीर्षक व मजकूर भरावा, योग्य विभाग निवडावा आणि अर्जाचा नमुना जोडावा. यानंतर 'जतन करा' म्हटले की तयार होतो तो केवळ मसुदा. तो कार्यालयास दिसतो, जनतेस नाही. वर्डप्रेसमध्ये 'योगदानकर्ता' मजकूर लिहून तपासणीसाठी सादर करू शकतो. प्रसिद्धीचा अधिकार 'संपादकास' असतो. टिपणी आणि मंजुरी यांची कार्यालयीन परंपराच येथे नव्या रूपात अवतरली आहे. मात्र मंजुरी देणारा अधिकारी दौऱ्यावर गेला आणि पर्यायी व्यवस्था नसली, तर सूचना मसुद्यातच अडकून पडते व मुदत निघून जाते.

मजकूर युनिकोड मराठीतच टंकलिखित करावा. कागदाचे केवळ छायाचित्र चढविल्यास शोध घेणाऱ्यास त्यातील शब्द सहसा सापडत नाहीत आणि दृष्टिहीन वाचकाचे वाचनयंत्रही तेथे अडखळते. प्रसिद्धीपूर्वी पूर्वदृश्य पाहावे. तारखा व रकमा मूळ आदेशाशी ताडून घ्याव्यात. प्रसिद्धीनंतर ते पान आपल्या भ्रमणध्वनीवर, प्रवेश न करता, सामान्य नागरिकाप्रमाणे उघडून पाहावे.

मुदत संपलेली सूचना वेळीच अभिलेखात हलविणे हेही तितकेच महत्त्वाचे आहे. जुन्या सूचनेवर विसंबून तालुक्याच्या गावी आलेल्या शेतमजुराचा त्या दिवसाचा रोजगार बुडतो. प्रसिद्धीचे साधन आता कार्यालयाच्या हाती आले आहे. विलंबाची व चुकीची जबाबदारीही त्याबरोबरच आली आहे, याचे भान प्रत्येकाने ठेवावयास हवे.