शिरेच्या आत दिलेली आच

तुळजापुरात मंदिराच्या आसपासच्या गल्ल्यांमध्ये हळद-कुंकू आणि कवड्यांच्या माळा विकणारे तासन् तास उभे असतात. हॉटेलच्या भट्टीवरचा आचारी, फळ्यासमोरचे गुरुजी, एसटीचा कंडक्टर यांचेही तसेच. अनेकांची संध्याकाळी एकच तक्रार असते: पाय जड झाले, पोटऱ्या ठणकतात, नसा फुगल्या.

हा व्हेरिकोज व्हेन्सचा आजार. आनुवंशिकता, गरोदरपण, वाढलेले वजन आणि उभ्याचे काम यांतून तो बळावतो. पायातून वर चढणारे रक्त मागे येऊ नये म्हणून शिरांमध्ये झडपा असतात. त्या निकामी झाल्या की रक्त खाली साचते. मूळ बहुधा मांडीतल्या सॅफेनस शिरेत असते. पूर्वी जांघेत चीर देऊन ही शीर ओढून काढत. आता ती जागच्या जागी, आतून तापवून बंद करतात. रक्त खोलातल्या निरोगी शिरांकडे वळते.

ही आच देण्याच्या दोन पद्धती आहेत: रेडिओफ्रिक्वेन्सी, म्हणजे विद्युतलहरींची उष्णता, आणि लेसर. अमेरिकेत १९९९ मध्ये पहिलीला आणि २००२ मध्ये दुसरीला मंजुरी मिळाली. दोन्हींची सुरुवात सारखीच. सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत गुडघ्याजवळ सुई टोचायची, शिरेत बारीक नळी सरकवायची आणि जांघेत ही शीर खोल शिरेला मिळते त्या जोडापासून तिचे टोक सुमारे दोन सेंटिमीटर अलीकडे थांबवायचे. मग शिरेभोवती भुलीचे पातळ औषध भरायचे. त्याने दुखत नाही, शीर दबून नळीला चिकटते आणि कातडी व मज्जातंतू आचेपासून वाचतात.

पुढे वाटा वेगळ्या होतात. रेडिओफ्रिक्वेन्सीच्या प्रचलित नळीचे सात सेंटिमीटरचे टोक १२० अंशांना तापते. एका टप्प्याला २० सेकंद, मग नळी मागे ओढायची. मांडीतली शीर तापवण्याचे काम दोन-तीन मिनिटांत संपते. लेसरचा तंतू मात्र प्रकाश सोडत हळूहळू मागे घ्यावा लागतो, म्हणून ओढणाऱ्या हाताचा वेग महत्त्वाचा. जुन्या उघड्या टोकाच्या तंतूने शिरेला भोक पडून काळेनिळे डाग उमटत. १४७० नॅनोमीटरचा, चहूबाजूंना प्रकाश टाकणारा तंतू आल्यावर हा त्रास कमी झाला.

डेन्मार्कमध्ये ५०० रुग्णांवर चार उपचारांची तुलना झाली. निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभराने शीर बंद न राहण्याचे प्रमाण लेसरमध्ये ५.८ टक्के, रेडिओफ्रिक्वेन्सीत ४.८ टक्के आणि शीर बंद करणाऱ्या फेसाळ औषधाच्या इंजेक्शनात १६.३ टक्के होते. पहिल्या दहा दिवसांतल्या वेदना मात्र लेसरपेक्षा रेडिओफ्रिक्वेन्सीत निम्म्याहून कमी होत्या. तिथला लेसर उघड्या टोकाचा होता, हेही लक्षात घ्यायला हवे.

म्हणून रुग्णाने यंत्राच्या नावाआधी डॉपलर सोनोग्राफीबद्दल विचारावे. ती उभ्याने, नीट व्हायला हवी. रक्त नेमके कुठून मागे येते हे कळले नाही, तर महागडी आचही चुकीच्या जागी लागते. फार वेड्यावाकड्या शिरेत नळी जात नाही. तिथे फेस किंवा बारीक छेद उपयोगी पडतात.

घोट्याजवळ न भरणारी जखम असेल तर दिवस ढकलू नयेत. ब्रिटनमधल्या ४५० रुग्णांच्या अभ्यासात, २०१८ च्या निष्कर्षांनुसार, शिरेवर लवकर उपचार केलेल्यांची जखम ५६ दिवसांत भरली. उपचार लांबवलेल्यांना ८२ दिवस लागले.

तुळजापूरहून सोलापूर साधारण ४५ किलोमीटर. सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येईल, असा हा उपचार आहे. खर्चासाठी सरकारी जनआरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारावे. त्याच दिवशी चालायला लागायचे, सांगितलेले दिवस घट्ट मोजे घालायचे आणि डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला फेर-सोनोग्राफी चुकवायची नाही. क्वचित रक्ताची गुठळी खोल शिरेकडे सरकते, ती या तपासणीतच सापडते.