खोडदच्या तबकड्या आणि आपली खरखर

घरात जुना ट्रान्झिस्टर असेल तर त्यावर मिडियम वेव्हला आकाशवाणी लावा आणि शेजारी मिक्सर सुरू करा. गाणं खरखरीत बुडून जातं. मिक्सरच्या मोटारीत ठिणग्या उडतात आणि ठिणगी उडाली की रेडिओलहरी सुटतात. आज या खरखरीबद्दलच बोलायचंय, कारण आपल्या नाशिक-पुणे रेल्वेचं घोडं तिच्यापाशीही अडलंय.

पुण्याला जाताना नारायणगाव लागतं ना, तिथून आत खोडदला टाटा मूलभूत संशोधन संस्थेची रेडिओ दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांनी ती उभी केली. दुर्बीण म्हणजे इथे नळी नव्हे, तर ४५ मीटर रुंदीच्या ३० तबकड्या. १४ खोडदजवळ, बाकीच्या तीन दिशांना लांबवर पसरलेल्या.

या तबकड्या भरीव पत्र्याच्या नाहीत, तारेच्या जाळीच्या आहेत. वारा आरपार जातो, त्यामुळे सांगाडा हलका आणि खर्च कमी. जाळीची भोकं लहरींच्या लांबीपुढे बारकी, म्हणून लहरी त्यावर आपटून परत फिरतात. पण चाळणी म्हटली की थोडं गळणारच. उबदार जमीनसुद्धा रेडिओलहरी सोडते, त्या जाळीतून वर झिरपतात. म्हणून मधली जाळी १० मिलिमीटरची, कडेची २० ची. वर बसवलेलं लहरी टिपणारं यंत्रही असं बनवतात, की त्याची नजर तबकडीच्या कडेबाहेरच्या जमिनीवर कमीत कमी जावी.

तरी यंत्राची स्वतःची खरखर उरतेच. ती कशी गाळायची? समजा, ३० घरांत ३० जणी हेच भाषण ऐकतायत. एकीकडे कुकरची शिट्टी, दुसरीकडे पोराचं रडणं. नंतर सगळ्यांनी ऐकलेलं जुळवून पाहिलं, तर गोंगाट प्रत्येकीचा वेगळा, भाषण मात्र सारखं. खोडदचा संगणक हेच करतो.

त्याचा उपयोग कसा होतो ते १९ ऑक्टोबर २०१६ ला दिसलं. युरोपचं शियापरेली यान मंगळावर उतरत होतं. त्याचा क्षीण संदेश खोडदच्या तबकड्यांनी पकडला. इथे पोचायला त्याला जवळपास दहा मिनिटं लागत होती. उतरण्याच्या ऐन आधी तो थांबला. यान आदळून फुटलं होतं.

पण जवळचीच ठिणगी मोठी असेल, तर ती अनेक तबकड्यांना एकदम ऐकू येते. मग जुळवाजुळव पुरत नाही. खांबावरची सैल तार, टीव्हीचा बिघडलेला बूस्टर, मोबाईल, सगळ्यांचाच त्रास. विजेवरच्या रेल्वेच्या तारेवरही ठिणग्या उडतात. आखलेला मार्ग या परिसरातून जात होता, त्याला हरकत आली. मग शिर्डी-अहिल्यानगरकडून वळसा घालायचा पर्याय पुढे आला.

माझं मत विचाराल, तर ३० तबकड्या उचलून नेता येत नाहीत, रूळ वळवता येतात. पण वळशाचा वेळ आणि तिकीट आपल्याच माथी येणार, आणि टोमॅटोचे क्रेट घेऊन बसलेल्या संगमनेर-नारायणगावच्या बायांची गाडी हुकणार, हेही कुणीतरी बोलायला हवं. मार्गाची सुनावणी लागली, तर गटातून दोघी-तिघींनी जाऊन हा हिशेब मांडा. आणि २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, खोडदला प्रदर्शन असतं, तेव्हा तबकड्या बघून या. फोन मात्र बंद ठेवा.