छोट्या पत्त्यांवरून निवडावा असा कॅट

टॅरोचा डेक घ्यायला निघालेला माणूस बहुतेक वेळा तीनचार कार्डं बघूनच ठरवतो. खोक्यावर छापलेला ‘मून’, जाहिरातीत पुढे केलेली ‘हाय प्रीस्टेस’, एखादा देखणा ‘स्टार’. ही सगळी मेजर आर्कानातली, म्हणजे बावीस मोठ्या पत्त्यांतली. चित्रकार सगळा जीव तिथे ओततो, त्यामुळे ती फसलेली क्वचितच दिसतात. पण 78 पत्त्यांपैकी 56 वेगळेच असतात: कप, तलवारी, वाँड्स आणि पेंटॅकल्स, प्रत्येकी 14. समोर बसलेल्या माणसाचं भावाशी भांडण, थकलेले हप्ते, अडकलेली बदली, आईचं दुखणं, हे सगळं रोजच्या रीडिंगमध्ये या छप्पन्नांतूनच बोललं जातं. म्हणून “ताई, कुठला डेक घेऊ?” असं विचारत कुणी आलं, की मी मोठे पत्ते आधी बाजूला काढून ठेवते.

मग टेबलावर तीन कॅट येतात: मार्सेय, रायडर-वेट आणि थॉथ. दुकानांत आणि ऑनलाइन दिसणारे बहुतेक डेक या तिघांपैकी कुणाच्या तरी कुळातले असतात. तिन्हींतून एकच पत्ता काढायचा, तलवारींची तिर्री, आणि ओळीने मांडायचा. रायडर-वेटमध्ये राखाडी आभाळ, तिरपा पाऊस आणि तीन तलवारी आरपार गेलेलं लाल हृदय. बघणाऱ्याला काही सांगावं लागत नाही. मार्सेयमध्ये दोन वाकड्या तलवारींची लंबवर्तुळाकार चौकट आणि मधोमध एक सरळ तलवार, आजूबाजूला पानंफुलं. दुःखाचा मागमूस नाही. थॉथमध्ये गडद, ढवळलेली पार्श्वभूमी, पाकळ्या झडलेला गुलाब, आणि खाली सरळ छापलेला शब्द: ‘सॉरो’. पत्ता एकच. पण पहिला गोष्ट सांगतो, दुसरा रचना दाखवतो, तिसरा निकाल देतो. तुम्हाला यांतलं काय हवं, तेच डेक निवडताना ठरवायचं असतं.

या फरकाला इतिहास आहे, आणि तो विकत घेणाऱ्याला माहीत असावा असं मला मनापासून वाटतं. टॅरो जन्मला तो भविष्यासाठी नव्हे, खेळासाठी. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत हा पत्त्यांचा डाव खेळत. मोठे पत्ते म्हणजे त्या डावातले कायमचे हुकूम. मिलानच्या विस्कोंती आणि स्फोर्झा घराण्यांसाठी साधारण 1450 च्या सुमारास सोन्याचा वर्ख देऊन रंगवलेल्या एका कॅटातले 74 पत्ते आजही आहेत, काही न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत, काही बेर्गामोत. त्यातला सैतान आणि कोसळता बुरूज हरवला आहे. आपल्याकडे सावंतवाडीला दशावतारी गंजिफा बनते, दहा रंग, प्रत्येकी बारा, मिळून 120 गोल पानं, तीही खेळायचीच. टॅरोचा संबंध इजिप्तच्या गूढ ज्ञानाशी जोडला तो फ्रान्समधल्या कूर द जेब्लँ यांनी, 1781 साली, आणि पुरावा काहीच दिला नाही. 1789 मध्ये एतेया या टोपणनावाच्या गृहस्थांनी खास भविष्य बघण्यासाठी कॅट काढला. तत्त्वज्ञ मायकेल डमेट यांनी 1980 साली मोठा ग्रंथ लिहून खेळाचा इतिहास मांडला. फ्रान्समध्ये हा डाव आजही रंगतो.

डावात पंजाला पाच नाणी, म्हणजेच पेंटॅकल्स, दिसली की काम भागतं, चित्राची गरज नसते. मार्सेयचे छोटे पत्ते म्हणूनच असे कोरे वाटतात. लाकडी ठशांनी छापायचे, साच्यातून रंग भरायचे. लाल, निळा, पिवळा, मोजकेच. 1760 चा निकोला कोन्व्हेरचा कॅट या परंपरेतला मानाचा. तो वाचायचा तर अंक आणि पत्त्याचा रंग (कप, तलवारी, वाँड्स की नाणी) यांची सांगड मनात पक्की हवी: पाच म्हणजे घडी विस्कटणं, नाणी म्हणजे पैसाअडका आणि शरीर, आता जोडा. ज्यांना मोजण्यात, जोडण्यात आनंद आहे त्यांना हा कॅट फार लवकर आपलासा होतो. बाकीचे पंधरवड्यात कंटाळतात.

छोट्या पत्त्यांवर माणसं आणली ती पामेला कोलमन स्मिथ यांनी. ए. ई. वेट यांच्या सांगण्यावरून त्यांनी काढलेला कॅट डिसेंबर 1909 मध्ये लंडनच्या विल्यम रायडर अँड सन यांनी बाजारात आणला. त्यांच्याआधी असं एक उदाहरण होतं, पंधराव्या शतकाच्या अखेरचा सोला बुस्का कॅट. त्याचे फोटो 1907 मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये आले होते आणि त्यातली तलवारींची तिर्री पामेलाच्या पत्त्याशी इतकी जुळते की तिने ते पाहिले असावेत असंच वाटतं. तरी सगळ्या छप्पन्न पत्त्यांना आजची बोली दिली ती तिनेच. कपांच्या अठ्ठीत रचून ठेवलेल्या आठ कपांकडे पाठ करून, चंद्राच्या उजेडात डोंगराकडे निघालेला माणूस बघा. त्याचा चेहरा दिसत नाही, म्हणून कुणालाही तो आपलाच वाटतो.

मागे बँकेत काम करणारी एक मुलगी डेक निवडायला आली होती. तिच्यापुढे रायडर-वेटमधला पेंटॅकल्सचा पंजा ठेवला: बर्फ पडतंय, एक बाई अनवाणी, मागे कुबड्या घेतलेला, गळ्यात घंटा बांधलेला माणूस, आणि वर चर्चची उजळलेली रंगीत खिडकी. बराच वेळ बघून ती म्हणाली, “ताई, यात दार कुठेय?” दार चित्रात नाहीच. मार्सेयच्या पंजाकडे बघून ती नुसतं “छान आहे” म्हणाली. थॉथचा पंजा, पाच चकत्या एकमेकींत अडकलेल्या आणि खाली ‘वरी’, म्हणजे काळजी, हा शब्द, तिने लगेच पालथा घातला. निवड तिथेच झाली. जो डेक तुमच्याकडून प्रश्न काढतो तो घ्यावा. कुठलाही पत्ता पुढचं सांगत नाही, तो बोलायला जागा करून देतो, एवढं मी रोज पाहते.

थॉथविषयी थोडं जास्त सांगायला हवं, कारण आपल्याकडे ज्योतिष शिकलेली माणसं हमखास त्याच्याकडे ओढली जातात. ॲलिस्टर क्रोली यांची कल्पना, लेडी फ्रीडा हॅरिस यांचा कुंचला; 1938 ते 1943 या काळात चित्रं झाली. डेक म्हणून ती 1969 मध्ये छापली गेली, तेव्हा दोघेही हयात नव्हते. फ्रीडाबाई अखेरच्या काळात भारतात राहत होत्या आणि 1962 साली श्रीनगरला वारल्या. यातल्या छोट्या पत्त्यांवर ग्रह आणि राशींच्या खुणा आहेत. तलवारींच्या तिर्रीवर तुळेतला शनी. आपला ज्योतिषी म्हणेल, हा तर उच्चीचा शनी, आणि पत्ता म्हणतो दुःख! या अडचणीशी झगडायची तयारी, कबालाचा, म्हणजे ज्यू गूढविद्येचा, अभ्यास आणि पहिल्या वर्षी सावकाश जाण्याचा धीर असेल तरच थॉथ घ्यावा. रंगांवर भाळून घेतलेले थॉथ मी बऱ्याच घरांत कपाटात पडलेले बघितले आहेत.

पुण्याशी नातं असलेला ‘ओशो झेन टॅरो’ 1994 पासून मिळतो. त्यात 79 पत्ते. ‘डेथ’च्या जागी ‘ट्रान्सफॉर्मेशन’, आणि रंग अग्नी, पाणी, ढग, इंद्रधनुष्य. एकट्याने बसून चिंतन करायला चांगला, पण यावर शिकलेल्याला दुसरा डेक हातात घेतला की सगळं पुन्हा शिकावं लागतं. ओरॅकल डेकना ठरलेली संख्याच नसते, आणि लेनोरमांचे 36 पत्ते हे वेगळंच घराणं. टॅरो शिकायचं असेल तर सुरुवात यांनी करू नये.

चित्र ठरलं की हात. रायडर-वेटचा नेहमीचा पत्ता 70 बाय 120 मिलिमीटरचा, रमीच्या पत्त्यापेक्षा चांगलाच मोठा. लहान हाताला 78 जाड पत्ते एकदम पिसता येत नाहीत. अशांनी छोटी आवृत्ती घ्यावी. फार गुळगुळीत पत्ता ट्यूबलाइटखाली चकाकतो आणि समोरच्याला चित्र दिसत नाही. मुंबईत, कोकणात पावसाळ्यात पातळ पत्ते वाकतात, एकमेकांना चिकटतात. पाठ वरखाली सारखी आहे ना तेही बघायचं; नाहीतर उलटं पडणारं कार्ड उघडण्याआधीच कळतं. सोबतचं पुस्तक दुसऱ्या परंपरेचं नको: वेट यांनी ‘स्ट्रेंग्थ’ आठवा आणि ‘जस्टिस’ अकरावा केला, मार्सेयमध्ये नेमकं उलट आहे.

पहिला डेक कुणीतरी भेटच द्यायला हवा, ही समजूत मी कुणाला पाळू देत नाही. त्या नादात माणसं वर्षानुवर्षं थांबतात, आणि मिळतो तो देणाऱ्याच्या आवडीचा.

स्वस्तातल्या नकलांबद्दल मात्र मी कडक आहे. मूळच्या पाव किमतीत येणाऱ्या अशा डेकमध्ये पत्ते आखूड, रंग फिके आणि पुस्तकाऐवजी एक क्यूआर कोड असतो. पामेलाने प्रत्येक पत्त्याच्या कोपऱ्यात स्वतःची वळणदार सही घातली आहे. पेंटॅकल्सच्या पंजावरही ती आहे, बर्फात. नकलेत बऱ्याचदा तीच पुसट होते किंवा कापली जाते. या बाईला एवढ्या कामाचे फार थोडे पैसे मिळाले, आणि 1951 साली कॉर्नवॉलमधल्या ब्यूड गावी ती कर्जात वारली. कितीतरी वर्षं खोक्यावर तिचं नावही नव्हतं. आता ‘स्मिथ-वेट’ नावाने छापलेली आवृत्ती मिळते, आणि दोन डेकमध्ये घोळत असलेल्याला मी तीच घ्यायला सांगते. ऑनलाइन मागवत असाल तर विकणाऱ्याकडे पेंटॅकल्सचा पंजा, कपांची अठ्ठी आणि कुठल्याही पत्त्याची पाठ, असे तीन फोटो आधी मागा.